गुप्तदान कोणाचे?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वक्ता नव्हे. अक्षर, रंग आणि कागदावरची रिकामी जागा यांवर उपजीविका करणारा एक डिझायनर आहे. त्यामुळे आज व्याख्यानापेक्षा मनात येणारे चार विचार आपल्यापुढे मांडावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

माझे बालपण घाटकोपरला गेले. गुजराती अक्षरांशी माझी ओळख शाळेत झाली नाही. ती झाली पाणपोया, दवाखाने आणि वाचनालये यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर. मराठी 'क' आणि गुजराती 'ક' यांतले साम्य शोधत मी दात्यांची नावे वाचीत असे. मुलुंड असो वा बोरिवली, आपल्या उपनगरांच्या जडणघडणीचा बराचसा इतिहास अशा पाट्यांवरच लिहिलेला आहे.

दानावर नाव कोरणे गैर आहे, असे मी म्हणणार नाही. लोकलने फोर्टला जाणाऱ्या आपणा सर्वांच्या परिचयाचा राजाबाई टॉवर पाहा. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली मनोरा पूर्ण झाला. त्याला नाव मिळाले ते शेठजींच्या मातोश्रींचे. त्यांना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची वेळ त्यांना घंटानादाने कळावी, अशी शेठजींची इच्छा होती, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यात उत्तम डिझाइनची व्याख्या आहे : ज्याला दिसत नाही, त्यालाही उपयोगी पडावे.

येथेच जाहिरात आणि दान यांतला भेद ध्यानात येतो. दुकानात पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा बहुधा एकच असतो. वस्तू वाईट निघाली तर तो पुन्हा येत नाही. धर्मादाय कार्यात पैसे एकजण देतो आणि लाभ दुसरा घेतो. त्यामुळे आमची सारी कला देणाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. आवाहनपत्र त्याच्यासाठी, पाटी त्याच्यासाठी, स्मरणिकेतले मुखपृष्ठामागचे पानही त्याच्यासाठी. घेणाऱ्याकडे मात्र आमची पाठ असते.

हा दोष मी स्वतः केला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी उपनगरातील एका दवाखान्यासाठी मी रुग्णांची कार्डे तयार केली. पैसे भरणाऱ्यांना पांढरे आणि मोफत औषध घेणाऱ्यांना गडद पिवळे. खिडकीवरच्या कारकुनाला लांबूनच ओळखता यावे, हा हेतू. सर्वांनी वाखाणणी केली. पुढे एके सकाळी सहज तेथे गेलो असता रांगेतील एक वृद्ध बाई दिसल्या. त्यांनी कार्डाची बारीक घडी करून ती पदराखाली मुठीत धरली होती. खिडकीशी पोहोचेपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

त्या मुठीने मला जे शिकविले, ते कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकविले नव्हते. माझ्या रंगाने त्यांची गरिबी साऱ्या रांगेला वाचून दाखविली होती. आम्ही नवी कार्डे छापली. सर्वांची पांढरी, सवलतीची खूण म्हणून क्रमांकापुढे केवळ एक बारीक टिंब. कारकुनाला सवय व्हायला थोडे दिवस लागले, इतकेच.

आपल्याकडे गुप्तदानाची थोरवी फार. पण गुप्तता केवळ देणाऱ्याच्या नावाची का असावी? खरी गरज तिची घेणाऱ्याला आहे. देणाऱ्याचे नाव संगमरवरावर खुशाल झळको. घेणाऱ्याचे नाव, चेहरा आणि अडचण मात्र झाकलेली राहो.

भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या २५००व्या वर्षानिमित्त १९७४-७५ च्या सुमारास सर्व पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारले, त्यात एक उभारलेला हात आहे. तळव्यावर चक्र आणि त्यात 'अहिंसा' हा शब्द. हा हात जणू क्षणभर थांबून विचार करायला सांगतो आणि समोरच्याला अभयही देतो. जैन परंपरेने अभयदानाला श्रेष्ठ मानले आहे. मदतीच्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला लाजेचे भय वाटू नये, हेही अभयदानच नव्हे काय?

विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. पुढच्या वर्षाची पाटी, पावती वा अर्ज छापखान्यात धाडण्यापूर्वी एकदा रांगेच्या शेवटी उभे राहून तो वाचून पाहावा. दवाखान्याची वेळ तेथून दिसते का? ती मराठी, गुजराती आणि हिंदी वाचणाऱ्यांना समजते का? आणि तो कागद हातात घेऊन मूठ उघडी ठेवता येते का?

पन्नास वर्षांच्या या सेवेस माझे वंदन.