जुनं तसंच ठेवा, नवं शेजारी लिहा



नाटकाची मंडळी रंग लावून विंगेत ताटकळली आहेत, तेव्हा थेट विषयाला हात घालतो. मघाशी संगणक विभागातल्या मुलांनी मला गाठून विचारलं, ‘सर, तयार मॉडेलला आमचा डेटा शिकवला की त्याला आधी येत होतं तेच बिघडतं. असं का?’

हे दुखणं जुनं आहे. १९८९ साली मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला बेरजा शिकवल्या. आधी फक्त एकच्या. एक अधिक एक, एक अधिक दोन, दोन अधिक एक, अशा सतरा. त्या पक्क्या झाल्यावर नुसत्या दोनच्या बेरजा घोटून घेतल्या. त्या जमू लागल्या आणि एकच्या बेरजा भराभर चुकायला लागल्या! कारण नेटवर्कमध्ये दोन्हींसाठी वेगळे कप्पे नसतात. ज्या वेट्समध्ये, म्हणजे आतल्या आकड्यांमध्ये, जुनं मुरलेलं असतं, तेच नव्यासाठी हलवावे लागतात.

मग ते हलवायचेच कशाला? २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘लोरा’ ही पद्धत मांडली ती याच वाटेनं. मूळ वेट्सना हात लावायचा नाही. शेजारी दोन चिंचोळ्या मॅट्रिक्स ठेवायच्या आणि तेवढ्याच शिकवायच्या. जीपीटी-३ या भाषा-मॉडेलमधली एक चौरस मॅट्रिक्स घ्या: १२,२८८ ओळी, तितकेच स्तंभ, म्हणजे सुमारे पंधरा कोटी आकडे. रँक, म्हणजे त्या चिंचोळ्या मॅट्रिक्सची रुंदी, चार धरली, तर त्याऐवजी एक लाखाहूनही कमी आकडे शिकवावे लागतात. एकेका कामासाठी साठवायची फाइल ३५० जीबीवरून ३५ एमबीवर आली. २०२३ मध्ये लोराचंच ‘क्यूलोरा’ हे पुढचं रूप आलं आणि साडेसहा हजार कोटी पॅरामीटरचं मॉडेल ४८ जीबीच्या एकाच ग्राफिक्स कार्डावर शिकवता येऊ लागलं.

पण फार हुरळून जाऊ नका. मूळ वेट्स शाबूत असले, तरी शेजारच्या मॅट्रिक्सची ही जोड लावून मॉडेल चालवलं की उत्तरं बदलतातच, आणि जुनं थोडंफार बिघडू शकतं. २०२४ मध्ये गणित आणि प्रोग्रॅमिंगवर तुलना झाली, तेव्हा लोरा कमी विसरतं आणि बऱ्याचदा कमी शिकतं, असंच दिसलं. फुकट काही मिळत नाही. नव्या डेटात थोडा जुन्या प्रकारचा मजकूर मिसळला, तर फरक पडतो. आणि बिघडलंच, तर ती जोड काढून ठेवता येते. मूळ मॉडेल जागेवरच असतं. माझ्या मते लोराचा खरा फायदा हाच.

पण जुनं बिघडलं हे कळणार कसं? प्रोजेक्टच्या सादरीकरणात तुम्ही लॉसचा, म्हणजे चुकांच्या मापाचा, उतरता आलेख मोठ्या अभिमानानं दाखवता. तो फक्त नव्या अभ्यासाचा निकाल असतो. उद्या कुणी अहिराणी किंवा मालवणी शिकवायला घेतलं, तर आधी प्रमाण मराठीचे, गणिताचे, सामान्यज्ञानाचे शंभरेक प्रश्न मूळ मॉडेलला विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. शिकवून झाल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारा. आणि परीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडलेले नसतील, तर गुण देऊ नका.

नाटकाला शुभेच्छा.