फावडें आणि पाटी
(खंडाळा येथील सभेंत झालेलें भाषण)



ज्या तालुक्यांत नायगांवीं १८३१ सालीं सावित्रीबाई जन्मल्या, तेथें शाळेविषयीं बोलावयाचें म्हणजे आमची जीभ अडखळते. तरी बोलतों.

भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था १९१९ सालीं काले गांवीं काढली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह आणलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू छत्रपतींचें नांव मिळालें. मराठा, महार, जैन, मुसलमान पोरें एका पंगतीस जेवलीं. धान्य सरलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां. सभेंत जयजयकार पुरुषांचाच होतो, म्हणून हें मुद्दाम सांगतों.

पुढें १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें. गरिबाच्या पोरानें फी कोठून आणावी? त्यानें घाम आणावा, असा तेथला हिशेब. शेतांत राबावें, खडी फोडावी, आणि त्याच हातानें वही उघडावी. कमवा आणि शिका म्हणतात तें हेंच.

आतां आमच्याच घरचें ऐका. पोरानें शाळेच्या आवारांत फावडें धरलें कीं आम्हीच ओरडतों, "शिकावयास धाडलें, मातींत लोळावयास नव्हे!" अहो, ज्या मातीवर आपण जगलों तिचीच लाज? पोरास राबवून वर्ग बुडविणारा मास्तर असेल तर त्यास जरूर जाब विचारा. पण कामाला नांवें ठेवूं नका.

येत्या रविवारीं आपल्या शाळेंत झाडांना आळीं करावयाचीं आहेत. सुतार, गवंडी मंडळींनीं हत्यारें आणावींत. बाकीच्यांनीं फावडें घरूनच आणावें, आम्हीही आणूं.