मॉरिशसची नोंदवही



मॉरिशसमध्ये लग्न कसे लागते, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे काहींना वाटले असेल. त्याला कारण एक बाई. कारखान्यात अपघात होऊन तिचा नवरा गेला. भरपाईसाठी आम्ही तिला घेऊन कचेरीत गेलो, तर पहिलाच प्रश्न आला : लग्नाचा कागद कुठे आहे? पंचवीस वर्षांचा संसार, तीन मुले, लग्न लावणारे भटजीही हयात. कागद तेवढा नव्हता. सहा महिने हेलपाटे घातले. त्या निमित्ताने आम्ही नोंदणीचे कायदे वाचू लागलो, आणि वाचता वाचता हिंदी महासागरातल्या त्या बेटावर पोचलो. तिथे आपली माणसे याच प्रश्नाशी दीडशे वर्षांपूर्वी अडली होती.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाज पोर्ट लुईस बंदरात आले. तिथपासून गिरमिट मोजतात. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठीही त्यांत होते. राज्य इंग्रजांचे, पण १८१० साली बेट घेताना त्यांनी तिथले फ्रेंच कायदे राहू दिले. म्हणून लग्नाला नेपोलियनची संहिता लागू. तिचा दंडक असा की लग्न लागते ते सरकारी अधिकाऱ्यापुढे. मांडवात सप्तपदी करा, गावजेवण घाला. वहीत सही नसेल तर कायद्याच्या लेखी दोघे अविवाहित आणि मुले अनौरस!

मग नोंद का करीत नसत? सोय होती. पण ऊसमळ्यावरच्या मजुराने एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कचेरीची पायरी चढायची तर हा भुर्दंड आधी. शिवाय १८६७ च्या कायद्याने गिरमिट संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. म्हणजे माणूस हातचा निसटू नये म्हणून त्याचा चेहरा दप्तरात होता. लग्नाची बायको मात्र पुष्कळदा दप्तराबाहेरच राहिली. लोक याला मजुरांचे अज्ञान म्हणतात. आम्हांला यात मालकांचा हिशेब दिसतो.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. आज तिथे लग्नाची सूचना आधी सिव्हिल स्टेटसच्या कचेरीत द्यावी लागते. ती दहा दिवस लावून ठेवतात, कुणाची हरकत असेल तर पुढे यावे म्हणून. जन्माचा दाखला हवा, आधीचे लग्न मोडले असेल तर निकालाची प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. सरकारने अधिकार दिलेल्या पुरोहिताने लावलेले लग्नही आता रीतसर नोंदीने कायद्याला चालते. वयाची अट अठरा. पूर्वी सोळा वर्षांच्या मुलीचेही आईबापांच्या संमतीने लग्न लावता येई. २०२० च्या बालकांविषयीच्या कायद्याने, जो जानेवारी २०२२ पासून अमलात आला, ती पळवाट बंद केली. फार उशीर केला, असे आमचे मत.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात भरली. लग्नाच्या वेळी दोघांनी सांगायचे असते की मालमत्ता सामाईक की वेगवेगळी. काहीच सांगितले नाही, तर सामाईक धरतात. संसारात जे कमावले त्यात घर सांभाळणाऱ्या बाईचाही वाटा! गोव्यात ज्यांची सोयरीक आहे त्यांना हे ठाऊक असेल. पोर्तुगीज संहितेमुळे तिथेही वेगळा करार नसल्यास मालमत्ता सामाईकच धरतात.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंद करायला सांगितली आहे, पण नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. ते बरेच आहे; नाहीतर आमच्या निम्म्या सभासदांची लग्ने उडाली असती. मात्र रद्द न झालेले लग्न कचेरीतल्या कारकुनाला पटवायचे कुणी? त्या बाईला शेवटी पैसे मिळाले, पण त्यासाठी भटजी, शेजारी आणि शाळेचा दाखला, इतक्यांना साक्षीला न्यावे लागले. तेव्हापासून आम्ही युनियनच्या वर्गणीची पावती फाडतानाच विचारतो, नोंद केलीत का? पुष्कळजण हसतात. गेल्या महिन्यात मात्र एक म्हातारे जोडपे आले. नातवाच्या बारशाला जाण्याआधी त्यांना स्वतःच्या लग्नाचा अर्ज भरायचा होता.