रात्रपाळीची जबाबदारी

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांनो,

आरोग्यसेवेतल्या नीतीचा विषय निघाला की संमतीपत्र, गोपनीयता, कट प्रॅक्टिस, इच्छामरण यांवर बोललं जातं. बोललं जायलाच हवं. पण वसईतल्या वालीवमध्ये उभं राहून बोलताना माझं मन आधी जातं ते इथून काही किलोमीटरवरच्या विरारकडे. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे तीनच्या सुमारास तिथल्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. विभागात १७ रुग्ण होते. त्या दिवशी १३ जण गेले आणि पुढे हा आकडा वाढला. ही माणसं कोविडशी झुंजत होती, आणि मृत्यू आला तो त्यांना वाचवण्यासाठी उभारलेल्या खोलीतून. माझं म्हणणं असं, की त्या खोलीचं वायरिंग, तिचं दार, तिच्या भिंतीतून येणारा ऑक्सिजन हे सगळं उपचारातच मोडतं. म्हणून त्याकडे लक्ष ठेवणं आणि बिघाड दिसला की बोलणं हे तुमचंच काम आहे.

ही घटना एकटी असती तर दैवाला बोल लावून मोकळं होता आलं असतं. पण त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालकं आगीत गेली. मार्चअखेर भांडुपमध्ये एका मॉलमधल्या रुग्णालयात आगीत बळी गेले. विरारच्या दोनच दिवस आधी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, दाब उतरला आणि २२ रुग्ण दगावले. एप्रिल सरता सरता मुंब्र्यात आणि नोव्हेंबरात अहमदनगरमध्ये रुग्णालयाला आग, अहमदनगरमध्ये ११ बळी. सगळं एका राज्यात, एका वर्षात. बगदादच्या एका कोविड रुग्णालयात विरारच्या दुसऱ्याच रात्री ऑक्सिजनमुळे भडकलेल्या आगीत ऐंशीहून अधिक माणसं गेली. महासाथ होती म्हणून असं झालं, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. झाशीत नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालकं गेली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, साथ ओसरल्यानंतर.

यामागचं शास्त्र अवघड नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो थोडा जरी वाढला तरी चादर, गादी, प्लास्टिकची नळी झपाट्यानं पेट घेते. हाय फ्लोवरच्या एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह लागू शकतो. त्यातला बराचसा ऑक्सिजन खोलीतच राहतो. खिडक्या बंद, स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो आणि दिवसरात्र चालून स्वतःही तापतो. एका पॉइंटवर व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप आणि कुणाचा तरी मोबाइल चार्जर. वालीवच्या कारखान्याच्या गाळ्यात धूर झाला तर कामगार निदान दाराकडे धावू शकतो. व्हेंटिलेटरवरचा माणूस कूसही बदलू शकत नाही. त्याला हलवायला तीनचार माणसं, भरलेला सिलिंडर, हाताशी अँबू बॅग आणि कुलूप नसलेलं दार लागतं.

कायदा नव्हता असंही नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे विरारच्या चार महिने आधी, प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं होतं. पण प्रमाणपत्र वर्षातून दोनदा होतं आणि वॉर्ड रोज चालतो. गरम लागणारी प्लगची पिन, एसीतून येणारा जळका वास, जिन्यात रचून ठेवलेल्या जुन्या खाटा हे रोज दिसतं ते सिस्टरला, आरएमओला, वॉर्डबॉयला.

यावर पहिला आक्षेप येईल, की हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे. दुरुस्ती त्याची, हे मान्य. औषध तरी तुम्ही कुठे बनवता? तरीही एक्सपायरी पाहिल्याशिवाय इंजेक्शन भरत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिलं तेव्हा पहिलं प्रकरण खोलीतल्या हवेवर होतं, आणि आपण हजर नसतानाही काम नीट व्हावं याची तजवीज कशी करायची, यावर एक स्वतंत्र प्रकरण.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यातला राग रास्त आहे. अहमदनगरच्या आगीनंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना. ज्यांच्या हातात ना निधी ना अधिकार, त्यांच्याच गळ्यात हे आणखी एक ओझं का? मला वाटतं, नेमकं म्हणूनच बोलायचं, आणि लेखी बोलायचं. ओव्हर देताना रजिस्टरमध्ये तारीख, वेळ घालून ‘बेड चारचा सॉकेट तापतो, कळवलं’ एवढी ओळ लिहिली की माहिती वर पोचल्याचा पुरावा राहतो. मग ज्याच्याकडे पैसा आणि अधिकार आहे, त्याला कानावर हात ठेवता येत नाहीत. नवख्या माणसाला त्यापायी नोकरीची भीती असते, हे खरं आहे. त्यामुळे एकट्यानं नको, पाळीतल्या सगळ्यांनी सह्या करा, मेट्रनला सोबत घ्या.

तिसरा आक्षेप आपल्या भागाचा आहे. वसई-विरारमधली कष्टकरी वस्ती मोठ्या प्रमाणात लहान नर्सिंग होमवर जगते, आणि ती बहुधा राहत्या इमारतींतच आहेत. निकष कडक केले तर ती बंद पडतील आणि रुग्णाला मुंबईची वाट धरावी लागेल. हा धोका मी हलका मानत नाही. स्प्रिंकलर आणि दुसरा जिना यांना पैसा लागतो, आणि शासनानं त्यासाठी मदत करायला हवी. मात्र जिना मोकळा ठेवायला, दाराची किल्ली दारापाशीच टांगायला, ऑक्सिजनचा वॉर्डातला व्हॉल्व्ह कुठे आहे हे प्रत्येक पाळीला दाखवायला फारसा खर्च येत नाही. जिथे एवढंही होत नाही, तिथे अतिदक्षता विभाग चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्दी-तापाचा, बाळंतपणाचा दवाखाना खुशाल चालवावा.

आणि प्राध्यापकहो, एक मागणी तुमच्याकडेही आहे. पुढच्या तुकडीच्या इंटर्नशिपमध्ये एक रात्र अशी ठेवा, की वॉर्डातले दिवे मुद्दाम घालवायचे आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण समजून खाटेवरचा पुतळा अँबू बॅग दाबत जिन्यापर्यंत न्यायला लावायचा. किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहा, आणि वेळ कमी होईपर्यंत पुन्हा करून घ्या.