ज्ञान, वृत्ती आणि आचरण : महामारीचा धडा



साथ आली की समाजापुढे तीन प्रश्न उभे राहतात. लोकांना रोगाची माहिती किती आहे? त्याविषयी त्यांच्या मनात काय आहे? आणि प्रत्यक्षात ते वागतात कसे? पहिल्याचे उत्तर मिळाले की उरलेले दोन आपोआप सुटतात, असा सार्वत्रिक समज आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा कोरोनाकाळातील अनुभव हा समज खोडून काढतो.

९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित पुण्यात आढळले. महिनाअखेरीस बारामतीतही रुग्ण सापडला. मुखपट्टी, हातांची स्वच्छता आणि सुरक्षित अंतर ही त्रिसूत्री थोड्याच आठवड्यांत मुलाबाळांना पाठ झाली. माहिती पोहोचली, पण उसाच्या फडाजवळील कोपीत पाच-सहा जणांनी अंतर राखावे कसे? रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याने घरात बसावे कसे? आचरणाला ज्ञानाइतकीच सोयीची गरज असते.

ही गोष्ट बारामतीने वेळीच ओळखली. एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातील भिलवाड्याच्या धर्तीवर शहराच्या सीमा बंद करण्यात आल्या. परंतु त्याचबरोबर किराणा, भाजीपाला आणि औषधे स्वयंसेवकांकरवी घरपोच देण्याची व्यवस्था उभारण्यात आली. ‘घराबाहेर पडू नका’ या आज्ञेमागे पिशवी घेऊन दाराशी येणारा माणूस उभा होता, म्हणूनच ती पाळणे शक्य झाले.

दुसरा अडसर वृत्तीचा. विलगीकरण म्हणजे शिक्षा आणि बाधित म्हणजे अपराधी, अशी भावना अनेक ठिकाणी बळावली. परिणामी ताप लपविला गेला, तपासणी लांबली. पुणे जिल्ह्याला हे नवे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सैनिकांनी घरे तपासण्यास आरंभ केला, तेव्हा धास्तावलेल्या लोकांनी रुग्ण दडविले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत राहिल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात त्याचाच आधार घेण्यात आला. कायदा दार उघडायला लावू शकतो. मन मात्र विश्वासानेच उघडते. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका आणि स्वयंसेवक दारोदार गेले. ओळखीच्या ताईने विचारले तर घरातील आजार सांगताना संकोच कमी होतो, हेच त्या मोहिमेचे बळ होते.

तिसरी बाब सातत्याची. रुग्णसंख्या उतरली तशी मुखपट्टी हनुवटीवर आली, लग्नसमारंभ पुन्हा गजबजले. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. परंतु ते सर्वांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच राज्यात दुसरी लाट उसळली. त्या वेळी लोकांचे ज्ञान कमी झाले नव्हते. कमी झाली होती ती सावधता. शिवाय शास्त्राचा सल्लाही काळानुसार बदलत गेला. प्रारंभी केवळ रुग्ण व शुश्रूषा करणाऱ्यांना सुचविलेली मुखपट्टी पुढे सर्वांना आवश्यक ठरली. पृष्ठभाग पुसण्यावरील भर खेळत्या हवेकडे वळला. अशा बदलाची कारणे लोकांना समजावून सांगितली नाहीत, तर सुधारणेलाच ते धरसोड मानतात.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु साथी येतच राहतात. पुढच्या साथीची तयारी शांततेच्या काळातच व्हावयास हवी. प्रत्येक गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद असावी, घरपोच मदतीसाठी तरुणांचे पथक सिद्ध असावे, हातावर पोट असणाऱ्यांसाठी शिध्याची तरतूद असावी आणि रुग्णाकडे बोट न दाखविण्याचा संस्कार घराघरांत रुजावा. एवढे झाले, तरच कानांवर पडलेले ज्ञान हातून घडेल.