खाऱ्या टाकीतलं शेवाळ
(सामुदायिक रेडिओवर बचत गटाने दिलेलं भाषण)

आम्ही सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका बचत गटाच्या दहाजणी. गटाने कर्ज काढलं आणि एकीच्या पडवीत काचेच्या चार टाक्या मांडून खाऱ्या पाण्यातले क्लाऊन मासे वाढवायला घेतले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा मासा. बारकी पिल्लं आणायची, मोठी करायची आणि शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला द्यायची. एकीच्या सासूबाई रोज विचारायच्या, "खाऊचो नाय तो मासो कित्याक पोसतास?"

पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी धूळ बसली. नव्या टाकीत ती बसतेच. पुसत राहिलं की काही आठवड्यांत आपोआप कमी होते. खरा त्रास नंतर झाला. दगडांवर हिरवे केस उगवले, आज उपटले की चार दिवसांत पुन्हा तेवढेच. दुकानदार आला, काचेतून मासे धड दिसेनात, "साफ करा, मग बघू" म्हणून निघून गेला. हप्ता तोंडावर आला होता.

तेव्हा आम्ही चूक केली. आमच्यातलीच एक म्हणाली, "वाईच मोरचूद घाल, एका दिसात सगळा साफ होतला." पोफळीवर बोर्डो मारतो, ते मोरचूद घरात होतंच. अंदाजाने घातलं. मोरचूद म्हणजे तांबं. मासा थोडं तांबं सोसतो, पण शंख आणि कोळंबी सोसत नाहीत. शेवाळ खायला सोडलेले आमचे सगळे शंख दोन दिवसांत मेले. ते दगडांच्या फटीत कुजले, पाणी नासलं आणि एका टाकीतले निम्म्याहून जास्त मासे गेले. तांबं वाळूत आणि दगडांत मुरून राहतं, म्हणून ती वाळू आणि ते दगड आम्ही टाकून दिले. शेवाळ? ते पुन्हा आलंच.

मग शेवाळाला खायला कोण घालतं, याचा शोध सुरू केला. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मात्र आत राहतं. म्हणून पाण्याची पातळी उतरली की वर गोडं पाणीच घालायचं, खारं नाही. हे आम्ही नीट करत होतो. पण पाणी होतं विहिरीचं, आणि विहीर भातखाचराच्या बांधाला लागून. शेतात युरिया, पलीकडे शेणाचा खड्डा. तपासणी किटमध्ये टाकीचं पाणी घातलं तर नायट्रेटची नळी लालभडक, आणि विहिरीच्या पाण्याचीही लालच. भाताला घालतो तेच खत आम्ही रोज तांब्याने टाकीत ओतत होतो! आता आरओचं पाणी वापरतो.

दुसरं खत म्हणजे खाणं. माशांची दया येऊन प्रत्येकजण जाता-येता चिमूट टाकायची. उरलेलं तळाशी कुजायचं आणि त्याचंच पुढे नायट्रेट व्हायचं. आता खाणं घालण्याची पाळी लावली आहे. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं. गोठवलेली कोळंबी द्यायची तर आधी चाळणीत धुऊन, तिचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

तिसरं ऊन. पडवीत दुपारनंतर उन्हाची तिरीप थेट काचेवर यायची. तिथे गोणपाटाचा पडदा बांधला. दिव्याला टायमर लावला, रोज आठ तास, जास्त नाही.

उगवलेलं शेवाळ हातानेच काढावं लागतं. जुना दात घासायचा ब्रश केसांत खुपसून फिरवला की शेवई गुंडाळावी तसं ते निघतं. सुटलेले तुकडे बारीक नळीने ओढून बाहेर काढायचे, नाहीतर तेच दुसरीकडे रुजतात. त्याच नळीने आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी भरतो. मिठाचं प्रमाण मीटरवर पाहिल्याशिवाय भरत नाही. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ लागतं.

लालसर, बुळबुळीत साय वाळूवर पसरली, तर ते शेवाळ नव्हे, एक प्रकारचे जीवाणू आहेत. ती साय नळीने ओढून काढायची. आम्ही तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकीवर चादरही टाकली. हवेचा पंप मात्र क्षणभरही बंद केला नाही.

एक गंमत सांगतो. आता आम्ही चौथ्या टाकीत मुद्दाम शेवाळ वाढवतो! हिरव्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं असतं, दगडाला चिकटत नाही. त्या टाकीचं पाणी पंपाने बाकीच्यांतून फिरतं, तिचा दिवा रात्री लावतो. पाण्यातलं खत हे शेवाळ खातं, आणि दर पंधरा दिवसांनी त्यातलं मूठभर काढून टाकलं की ते खतही टाकीबाहेर जातं. सासूबाईंनी ते अळवाला घातलं होतं. मीठ नीट धुतलं नव्हतं, अळू करपलं. त्या अजून बोलून दाखवतात.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. काचा निवळायला अडीच महिने लागले. दोन हप्ते आम्ही शिवणकामाच्या पैशातून भरले. दुकानदार गेल्या महिन्यात पुन्हा आला आणि तीस मासे घेऊन गेला. मेलेल्या माशांचे पैसे अजून भरून निघालेले नाहीत. मोरचुदाचा डबा आता माडीवर ठेवला आहे, टाक्यांपासून लांब.