टाकीच्या भिंतीची तहान

कोकणातील वाड्यांवर छपरावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवण्यासाठी फेरोसिमेंटची गोल टाकी, म्हणजे लोखंडी जाळ्यांच्या थरांवर सिमेंट-वाळूचा गिलावा दाबून उभारलेली, जेमतेम तीन सेंटिमीटर जाड भिंतीची टाकी, स्वस्त आणि टिकाऊ ठरते, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच; मात्र तिचे आयुष्य गवंडी घरी गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ठरते, याचा विसर बहुतेक घरमालकांना पडतो.

सिमेंटला बळकटी येते ती वाळल्याने नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने, जिला जलयोजन म्हणतात. ही क्रिया मटकीला मोड येण्यासारखी आहे : भिजलेली मटकी ओल्या फडक्यात बांधली तर मोड जोमाने येतात, फडके मध्येच कोरडे पडले तर कोंब सुकतो आणि मग तांब्याभर पाणी ओतूनही तो पूर्वीसारखा वाढत नाही. भिंतीचे फडके म्हणजे ओले गोणपाट. ते न गुंडाळता सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी शिंपडून समाधान मानणे म्हणजे मटकी उन्हात ताटभर पसरून मोडांची वाट पाहणे होय.

अडीच मीटर व्यासाच्या आणि दोन मीटर उंचीच्या टाकीत सुमारे 9,800 लिटर पाणी मावते आणि तळाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन टन दाब येतो. गोल आकारामुळे हा दाब भिंतीभोवती ताणाच्या रूपाने फिरतो आणि तो जाळीच्या तारा पेलतात. परंतु या तारांवर गिलाव्याचे आवरण काही मिलिमीटरच असल्याने, कोरड्या पडलेल्या भिंतीला केसाएवढी चीर गेली तरी पाणी व हवा आत शिरून तार गंजते. म्हणून पुन्हा सांगणे प्राप्त आहे : गोणपाट चौदा दिवस ओले हवे, रात्रीही.

खरी अडचण मुहूर्ताची आहे. टाकीची आठवण होते ती एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा प्यायचे पाणीच टँकरने येते आणि भिंतीवर घागर रिकामी करणे जिवावर येते. हेच काम विहिरी भरलेल्या असताना, कार्तिक-मार्गशीर्षात काढले तर ही कंजुषी करावी लागत नाही. पुढेही टाकी उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी ठेवू नये, तळाशी थोडे पाणी राहू द्यावे.

पाया आणि झाकण यांविषयीही बरेच सांगण्यासारखे आहे. पण वेळ संपत आल्याने एवढेच, की झाकणाच्या फटीतून डास शिरतात, तेव्हा तिथे बारीक जाळी बसवावी आणि गोणपाट, अर्थात, चौदा दिवस.